पुदुच्चेरीच्या जुन्या समुद्रकाठी घरगुती मुक्काम : विदर्भातून प्रथमच जाणाऱ्यांसाठी

आमच्या आर्वीकडचा माणूस देवदर्शनाला निघाला की भक्तनिवासात उतरतो आणि लग्नाला गेला की सोयऱ्यांच्या ओसरीवर पथारी टाकतो. या दोहोंपलीकडचा मुक्काम त्याच्या वाट्याला फारसा आलेला नसतो. अलीकडे मात्र पुण्याला किंवा बंगळूरला नोकरी करणारी मुले आईवडिलांसाठी फोनवरून परस्पर खोली ठरवतात, त्या पावतीवर ‘हेरिटेज गेस्ट सूट’ असे काहीतरी छापलेले असते, आणि ते म्हणजे नेमके काय हे कोणीही समजावून न सांगता दोन माणसे सेवाग्राम किंवा नागपूर स्थानकावर गाडीत बसवून दिली जातात. मी आणि माझी पत्नी पहिल्यांदा पुदुच्चेरीला असेच गेलो आणि चार दिवसांत बऱ्याच चुका केल्या. त्यानंतर दोनदा गेलो, तेव्हा जमले. त्यामुळे या लेखात पुदुच्चेरीत काय पाहावे यापेक्षा तेथील जुन्या घरात कसे राहावे यावर अधिक भर आहे.

घर कोणत्या जातीचे आहे, हे आधी ओळखावे

गेस्ट सूट म्हणजे हॉटेल नव्हे. जुन्या घराचा एक भाग, बहुधा एक-दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणीघर आणि कधी छोटी गच्ची किंवा चहापुरता ओटा, पाहुण्यांसाठी वेगळा काढलेला असतो आणि उरलेल्या घरात मालकाचे कुटुंब राहत असते. रात्री बारा वाजता घंटी दाबली की चहा घेऊन येणारा मुलगा तेथे नसतो. त्याच्या बदल्यात खरोखरीच्या जुन्या घरात राहायला मिळते, आणि तेवढ्यासाठी जायचे नसेल तर नव्या वस्तीतील साधे लॉज अधिक सोयीचे आणि स्वस्त पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुदुच्चेरीच्या जुन्या गावाचे एका कालव्याने दोन भाग केले आहेत. कालव्याच्या पूर्वेला समुद्रापर्यंत जुनी फ्रेंच वस्ती आहे, जिला आज सगळे ‘व्हाइट टाऊन’ म्हणतात, आणि पश्चिमेला तमिळ वस्ती आहे. काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांची ही आखणी मुळात डचांची आहे, कारण १६९३ ते १६९९ या काळात गाव त्यांच्या ताब्यात होते. पुढे १७६१ मध्ये इंग्रजांनी ते जिंकून जमीनदोस्त केले आणि १७६५ नंतर फ्रेंचांनी पुन्हा उभारले. त्यामुळे कोणी आपले घर चारशे वर्षांचे असल्याचे सांगू लागला तर मान डोलवावी, पण त्यासाठी जास्तीचे भाडे देऊ नये.

फ्रेंच धाटणीच्या घराला रस्त्यालगत उंच भिंत आणि मोठे फाटक असते, आत बाग असते, छत उंच असते आणि खिडक्या जवळजवळ दाराएवढ्या असतात. बाहेरून पाहणाऱ्याला पिवळी भिंत आणि तिच्यावरून ओसंडणारी बोगनवेल एवढेच दिसते. तमिळ धाटणीचे घर आपल्याला अधिक ओळखीचे वाटेल. त्याला रस्त्याच्या कडेला वाटसरूने टेकावे असा ओटा असतो, ज्याला तिकडे तिण्णै म्हणतात, आणि आत गेल्यावर खांबांनी वेढलेला, वरून उघडा चौक असतो. वऱ्हाडातल्या जुन्या चौसोपी वाड्यात ज्याचे बालपण गेले आहे, त्याला त्या चौकात पाय ठेवताच आजीची आठवण येते. वयस्कर माणसे बरोबर असतील तर मी तमिळ बाजूचे तळमजल्यावरचे घर सुचवीन. तेथून समुद्र पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर राहतो, आणि संध्याकाळी तेवढे चालणे कोणालाच जड जात नाही.

महिना आणि वार

येथे आपल्याकडचे गणित उलटे होते. सोयाबीन निघाले, दिवाळी झाली आणि हातात थोडा पैसा आला की आपल्याला फिरायला जावेसे वाटते, पण नेमका तोच त्यांचा पावसाळा असतो. त्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून पाऊस आणतात, आणि वादळेही याच महिन्यांत येतात. डिसेंबर २०११ मधील ‘ठाणे’ चक्रीवादळाने आणि नोव्हेंबर २०२४ मधील ‘फेंगल’ चक्रीवादळाने पुदुच्चेरीला झोडपून काढले होते. आम्ही पहिल्यांदा नोव्हेंबरातच गेलो आणि तीन दिवस खोलीच्या दारात बसून पागोळ्या मोजल्या.

म्हणून तूर घरात आली की जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत निघावे. कपाशीची शेवटची वेचणी मागे राहिली असेल तर ती घरच्यांवर सोपवावी. मार्चनंतर तिकडे उकाडा वाढतो. पारा आपल्याएवढा चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि आपल्या कोरड्या उन्हाला सरावलेल्या शरीराला पंचेचाळीस अंशांपेक्षा तो छत्तीस-सदतीस अंशांचा घाम अधिक छळतो.

वार सोमवार ते गुरुवार असावेत. शुक्रवार संध्याकाळपासून चेन्नई आणि बंगळूरची मंडळी मोटारी घेऊन येतात, भाडे वाढते आणि शांत गल्ल्यांत फोटो काढणाऱ्यांची जत्रा भरते. एवढे लक्षात ठेवावे की सरकारी वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असते. फेब्रुवारीतच २१ तारखेला श्री अरविंद आश्रमात माताजींच्या, म्हणजे श्री अरविंदांच्या आध्यात्मिक सहकारी असलेल्या फ्रेंच बाईंच्या, जन्मदिनाचे दर्शन असते आणि २८ तारखेला गावाजवळच्या ऑरोविल या आंतरराष्ट्रीय वसाहतीचा वर्धापनदिन असतो. त्या आठवड्यात जायचे असेल तर खोली बरीच आधी ठरवावी, नाहीतर तो आठवडा टाळावा.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी मालकाशी एकदा फोनवर बोलावे. तमिळ आपल्याला येत नाही आणि हिंदी तिकडे सगळ्यांना येतेच असे नाही, म्हणून साध्या इंग्रजीत प्रश्न लिहून पाठवणे बरे. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून ते लिहून घेता येतात. खोली कोणत्या मजल्यावर आहे आणि जिना कसा आहे, हा पहिला प्रश्न, कारण जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून चार वेळा ते चढणे शिक्षा होते. न्हाणीघर खोलीला लागून आहे की चौक ओलांडून जावे लागते, संडास कोणत्या पद्धतीचा आहे, गरम पाण्याची सोय आहे का आणि वीज गेल्यास पंखा चालतो का, हे त्यापाठोपाठ विचारावे. वातानुकूलन सगळ्याच सूटमध्ये नसते. नाश्ता भाड्यात धरला आहे का आणि खोलीत काही शिजवता येते का, हेही आधीच कळलेले बरे, कारण जुन्या लाकडी तुळयांच्या घरात मालक शेगडी पेटवू देत नाहीत आणि त्यांचे बरोबर असते.

यांखेरीज तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली म्हणजे खोली ताब्यात मिळण्याची आणि सोडण्याची वेळ. दुसरी म्हणजे बेत रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील. तिसरी म्हणजे रात्री फाटक किती वाजता बंद होते. ‘समुद्र दिसतो’ या शब्दांचा अर्थही विचारून घ्यावा. आमच्या पहिल्या खोलीच्या जाहिरातीत तसे लिहिले होते, आणि समुद्र दिसत होता हेही खरेच, पण गच्चीवर जाऊन, पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधून, मान वाकडी केल्यावर.

आश्रमाची स्वतःची अतिथिगृहेही आहेत आणि त्यांतील काही अगदी समुद्रालगत आहेत. ती स्वच्छ आणि किफायतशीर असतात, पण तेथे दारू आणि धूम्रपान चालत नाही, रात्री फाटक ठरल्या वेळी बंद होते आणि बडबड खपवून घेतली जात नाही. पहाटे उठणाऱ्या शेतकरी माणसाला यात काहीच गैरसोय नाही. तरुण जोडप्याने मात्र विचार करून ठरवावे.

प्रवास

नागपूर आणि बल्लारशा ही चेन्नईच्या मुख्य लोहमार्गावरील मोठी स्थानके आहेत. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस आणि तमिळनाडू एक्सप्रेस या दोन जुन्या गाड्या याच मार्गाने जातात. नागपूर ते चेन्नई हे अंतर हजार-अकराशे किलोमीटर आहे, म्हणजे एक रात्र गाडीत जाते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, त्यामुळे आधी तिकीट आणि मग खोली, असाच क्रम ठेवावा. अकोला-बुलढाण्याकडच्यांनी बडनेरा-वर्धा मार्गे नागपूरला येऊन तेथून गाडी धरणे सरळ पडते.

चेन्नईपासून पुदुच्चेरी सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. चेन्नईत दक्षिणेकडे जाणाऱ्या बसगाड्यांच्या स्थानकांत अलीकडे बदल झाले आहेत, तेव्हा कोणत्या स्थानकातून बस धरायची हे आदल्या दिवशी घरमालकालाच विचारावे. त्यांचे पाहुणे रोज त्याच वाटेने येत असतात. सकाळी चेन्नईला उतरलेला माणूस खोली मिळण्याच्या वेळेआधीच दारात हजर होऊ शकतो, म्हणून सामान लवकर ठेवू द्याल का, तेही विचारून ठेवावे.

गल्ली शोधताना

आपल्या मनात समुद्र नेहमी पश्चिमेला असतो, कारण आपण ऐकलेला समुद्र कोकणचा. तेथे तो पूर्वेला आहे आणि सूर्य पाण्यातून वर येतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की व्हाइट टाऊनमध्ये चुकणे अवघड आहे. समुद्राकडे तोंड केले की डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण, आणि पाठीमागे कालवा. किनाऱ्यावर गांधीजींचा उंच पुतळा आहे, त्याच्याभोवती आठ दगडी खांब उभे आहेत, आणि रिक्षावाल्याला ती एक खूण सांगितली की पुरते.

रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवर ‘रू’ असा शब्द दिसेल, त्याचा फ्रेंच अर्थ रस्ता. रू ड्यूमा, रू रोमाँ रोलाँ, रू सँ लुई अशी नावे आहेत आणि स्थानिक लोक ती आपापल्या पद्धतीने उच्चारतात, म्हणून पत्ता तोंडी सांगण्यापेक्षा फोनवर लिहिलेला दाखवावा. यांतल्या ड्यूमाशी आपले जुने नाते आहे. तो १७३५ ते १७४१ या काळात येथे फ्रेंचांचा गव्हर्नर होता. १७४० मध्ये नागपूरकर रघुजी भोसले कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या अर्काटच्या नबाबाच्या तमिळ मुलखात, उतरले, दमलचेरीच्या लढाईत नबाब दोस्त अली मारला गेला, आणि त्याच्या व त्याचा जावई चंदासाहेब याच्या घरच्या मंडळींनी पुदुच्चेरीच्या तटामागे आसरा घेतला. रघुजींनी ती माणसे हवाली करण्याची मागणी केली आणि ड्यूमाने ती नाकारली. पुढे त्याने रघुजींकडे उंची फ्रेंच मद्याच्या बाटल्या पाठवल्या आणि प्रकरण गोडीने मिटले, असे सांगतात. रू ड्यूमावर खोली मिळाली तर नागपूरच्या माणसाने ही हकिकत मालकाला जरूर सांगावी. आम्ही सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या कॉफीचा पेला मोठा झाला.

समुद्रालगतच्या रस्त्यावर संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनांना बंदी असते. घर त्याच रस्त्यावर असेल तर या वेळेत रिक्षा दारापर्यंत येत नाही आणि सामान हाताने न्यावे लागते. रेल्वे स्थानक जुन्या गावाच्या दक्षिण टोकाशीच आहे, बसस्थानक मात्र पश्चिमेला लांब आहे. रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवावे.

पहिला तास

फाटकातून आत गेल्यावर चपला कोठे काढतात ते पाहावे आणि तेथेच काढाव्यात. ओळखपत्राची प्रत मागितली जाते. आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी, ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. घरातील वडीलधाऱ्या बाईंना ‘अम्मा’ आणि पुरुषांना ‘अय्या’ म्हणावे. मोठ्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या बाईला ‘अक्का’ म्हटले तरी चालते, तो शब्द दोन्हीकडे एकच आहे. ‘वणक्कम’ म्हणजे नमस्कार, ‘तण्णी’ म्हणजे पाणी, ‘पोदुम’ म्हणजे पुरे आणि ‘वेण्डाम’ म्हणजे नको. शेवटचे दोन शब्द जेवताना फार उपयोगी पडतात, कारण आग्रह आपल्यासारखाच असतो.

मग खोलीतून एक फेरी मारावी आणि आधीपासून तुटलेले, उडालेले किंवा डाग पडलेले जे दिसेल त्याचा फोनवर फोटो काढून ठेवावा. यात संशय घेण्यासारखे काही नाही. जुन्या घरात अशा गोष्टी असतातच, आणि पुढे दोघांनाही वाद नको असतो. गरम पाण्याचे बटण, पिण्याच्या पाण्याची जागा, ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे आणि फाटकाची किल्ली एवढे मालकाकडून समजून घ्यावे. नळाचे पाणी पिऊ नये.

चुना, झडपा आणि खारी हवा

या घरांच्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या गिलाव्याच्या असतात. बऱ्याच ठिकाणी छत म्हणजे लाकडी तुळयांवर उभ्या रचलेल्या पातळ विटा आणि चुना, ज्याला तिकडे ‘मद्रास टेरेस’ म्हणतात. आमच्याकडच्या मातीच्या धाब्याच्या घरांचा हा सधन भाऊ समजावा, आणि त्याला लागणारी काळजीही तशीच असते. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. ओलीबरोबर आतील मीठ वर येते आणि पापुद्रा सुटतो. सकाळी पलंगाच्या कडेला पांढरी भुकटी पडलेली दिसली तर खोली झाडली नाही असे समजून तक्रार करू नये. पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढला की प्रश्न मिटतो. भिंतीला चिकटपट्टी लावू नये, खिळा तर मुळीच ठोकू नये, आणि ओला टॉवेल लाकडी खुर्चीवर टाकू नये. नव्या हॉटेलात हे खपून जाते, पण शंभर वर्षांच्या सागवानावर पडलेला पांढरा डाग जात नाही.

लाकूड दमट हवेत फुगते, हे मी किंमत मोजून शिकलो. न्हाणीघराचे दार सकाळी उघडेना, तेव्हा गावाकडच्या सवयीने मी त्याला खांदा लावला. दार उघडले, पण जुन्या पितळी कडीचा कोंडा चौकटीतून उखडून हातात आला. घरच्या अम्मांनी तो हातात घेतला, पदराने पुसला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आत नेऊन ठेवला. संध्याकाळी सुतार आला आणि त्याची मजुरी मी दिली. दार अडकले तर मुठीपाशी किंचित वर उचलून हळूच ओढायचे असते. ते त्या सुतारानेच हाताने करून दाखवले.

खिडक्यांना आडव्या, तिरक्या पट्ट्यांची लाकडी झडप असते, जिला जुन्या मराठीत झिलमिली म्हणत. मधला उभा दांडा वर-खाली केला की पट्ट्या उघडतात आणि मिटतात. ही नुसती शोभा नव्हे, घर थंड ठेवण्याचे ते यंत्र आहे आणि ते वापरता आले तर वातानुकूलनाची गरज बरीच कमी होते. सकाळी दहापर्यंत पूर्वेकडची झडप मिटून घ्यावी, म्हणजे ऊन आत येत नाही. दुपारी जमीन तापली की हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा सुटतो. तो आला की पट्ट्या अर्ध्या उघडाव्यात आणि समोरच्या भिंतीतील खिडकी किंवा चौकाकडचे दारही उघडे ठेवावे, कारण वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो आत येतच नाही. उंच छतामुळे गरम हवा डोक्याच्या वर राहते. पहिल्या दिवशी आम्ही उलटे केले होते. सकाळी सगळे उघडे टाकले, दुपारी उकडते म्हणून बंद करून घेतले आणि नंतर पंख्याला दोष देत बसलो.

त्या वाऱ्याबरोबर मीठही येते. चष्म्याच्या काचा संध्याकाळपर्यंत चिकट होतात, कपडे वाळत नाहीत, आणि तिखटाची पुडी उघडी राहिली तर सकाळी तिचा गोळा होतो. म्हणून सुती आणि लवकर वाळणारे कपडे न्यावेत, तिखट-मीठ झाकणाच्या डबीत ठेवावे, आणि लोखंडी कुलूप नेले असेल तर त्याला खोबरेल तेलाचे बोट लावावे. धुतलेले कपडे रस्त्याकडच्या झडपांवर वाळत घालू नयेत. मालक त्यासाठी मागे किंवा गच्चीवर दोरी दाखवतो.

फाटकाची वेळ आणि शेजार

फाटक बंद होण्याची वेळ ही या मुक्कामातील सर्वांत महत्त्वाची वेळ आहे. आमच्याकडे रात्री कितीही वाजता कवाड वाजवले तर कोणीतरी उठते, पण तेथे घरात म्हातारी माणसे झोपलेली असतात आणि फाटक खोलीपासून दूर असते. उशीर होणार असेल तर संध्याकाळीच सांगावे आणि किल्ली मागून घ्यावी. गल्लीत बोललेला शब्द उंच भिंतींमुळे घुमतो आणि समोरच्या घरात स्पष्ट ऐकू जातो, त्यामुळे फोनवर शेतातल्यासारखे मोठ्याने बोलण्याची आपली सवय तेवढे चार दिवस बाजूला ठेवावी.

वस्तीत शाळा आहेत, कार्यालये आहेत, आश्रमाच्या करड्या-पांढऱ्या इमारती आहेत आणि माणसे राहत आहेत. दुसऱ्याच्या दारात उभे राहून फोटो काढायचा असेल तर विचारावे. आश्रमाच्या मुख्य वास्तूत श्री अरविंदांची समाधी आहे, तेथे मौन पाळतात, परवानगीशिवाय फोटो काढता येत नाही आणि तीन वर्षांखालील मुलांना आत सोडत नाहीत, म्हणून नातवंडे बरोबर असतील तर नवरा-बायकोने आळीपाळीने जावे. १९१० मध्ये येथे आलेले श्री अरविंद पुन्हा बाहेर पडले नाहीत. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून डॉ. मुंजे यांनी त्यांना गळ घातली होती, आणि त्यांनी पत्राने नकार कळवला. समाधीपाशी बसल्यावर मला तेच आठवत राहिले.

दारूविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण मी स्वतः दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यातला आहे. पुदुच्चेरीत ती उघडपणे आणि तमिळनाडूपेक्षा स्वस्त मिळते. घरगुती सूटमध्ये पिण्यास मालकाची हरकत असू शकते. परतताना बाटल्या पिशवीत घालून आणण्याचा मोह तर कोणीही धरू नये. तमिळनाडूच्या सीमेवर तपासणी होते, आणि वर्धा किंवा गडचिरोलीत उतरणाऱ्यासाठी दुसरा गुन्हा घरच्या स्थानकावर वाट पाहत असतो.

पाणी दिसले म्हणून उतरू नये

वर्धेत आणि वैनगंगेत पोहलेल्या माणसाला समुद्राचे भय वाटत नाही, आणि धोका तेथेच असतो. नदीचा ओढा एकाच दिशेला असतो. समुद्राची लाट आणते आणि परतताना पायाखालची वाळूही ओढून नेते. गावासमोरच्या किनाऱ्यावर बऱ्याच लांबीत काळ्या दगडांची रास टाकलेली आहे. १९८० च्या दशकात दक्षिणेला बंदराचे बांध घातले गेले, उत्तरेकडे सरकणारी वाळू त्यांनी अडवली आणि जुनी चौपाटी धुपून गेली, म्हणून लाटा थोपवायला हे दगड आले. अलीकडे पाण्यात बांधलेल्या अडथळ्यामुळे काही भागात वाळू पुन्हा साचली आहे. दगड शेवाळलेले असतात, त्यांवर चढून फोटो काढू नये. पाय ओले करायचे असतील तर वाळूच्या भागात, गुडघ्याच्या खाली, आणि पोलीस किंवा रक्षक हटकतील तेव्हा मुकाट्याने मागे यावे. समुद्राचा खरा आनंद पहाटे सहाला त्या मोकळ्या रस्त्यावर चालण्यात आहे.

जेवणाची काळजी करण्याचे कारण नाही. इडली, पोंगल, केळीच्या पानावरचे भाताचे ताट सगळीकडे मिळते. चार दिवस भात खाऊन पोळीची आठवण होते, तेव्हा जवसाची चटणी आणि दोन दिवस टिकतील एवढ्या दशम्या बरोबर ठेवाव्यात. आम्ही अम्मांना चटणी दिली, त्यांनी ती दह्यात कालवून भातावर घेतली.

एक दिवस जिंजीसाठी

मुक्काम चार दिवसांचा असेल तर एक दिवस जिंजीला द्यावा. हा किल्ला पुदुच्चेरीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. शिवाजी महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला, राजाराम महाराजांनी येथूनच राज्य चालवले, आणि मोगलांना तो १६९८ मध्ये हाती लागेपर्यंत आठ वर्षे वेढा चालला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव आहे. किल्ल्यातील राजगिरी या डोंगराची चढण उभी आहे, म्हणून घरमालकाला आदल्या रात्री सांगून नाश्ता बांधून घ्यावा आणि उजाडताच निघावे. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी पायथ्याची धान्यकोठारे आणि कल्याणमहाल पुष्कळ आहेत.

निघताना

हिशेब आदल्या संध्याकाळी पुरा करावा आणि पावती घ्यावी. खोली सोडण्याची वेळ सकाळची आणि चेन्नईची गाडी रात्रीची असते, तेव्हा मधल्या वेळात सामान फाटकाजवळच्या खोलीत ठेवू देतात का ते विचारावे. बहुतेक जण ठेवू देतात. चेन्नईच्या रहदारीचा भरवसा नसल्यामुळे दुपारी बारा-एकलाच पुदुच्चेरी सोडावी. निघण्यापूर्वी झडपा मिटाव्यात, पंखे आणि गरम पाण्याचे बटण बंद करावे, पलंग मूळ जागी सरकवावा आणि किल्ली हातात द्यावी, दारात अडकवून जाऊ नये.

घरी आल्यावर पिशवी तशीच कपाटात ठेवू नये. चपला, पट्ट्याचे बक्कल, छत्रीच्या काड्या आणि चार्जरची पिन गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी, कपडे एकदा धुवावेत आणि पिशवी उलटी करून अंगणात टाकावी. आपल्याकडच्या फेब्रुवारीच्या उन्हात ती दुपारपर्यंत कडकडीत वाळते.